बाजूला ठेवलेलं लोखंड

"इतकं लोखंड जाते वं माय, पण आपलं तं त्यायनं बाजूले ठेवलं."

वहिनी हे माझ्याशी बोलली नव्हती. टांग्याच्या मागच्या बैठकीवर ती सासूशेजारी, म्हणजे आमच्या शेजारच्या काकूंजवळ, बसली होती, मांडीवर चार महिन्यांची लेक होती, आणि ती त्या दोघींपैकी कोणाशी बोलली तेही कळलं नाही. मलकापूरचं फाटक बंद होतं. नागपूरकडून आलेली मालगाडी मुंबईच्या दिशेनं चालली होती. तिच्या उघड्या वाघिणींवर नवे रूळ रचलेले होते, निळसर करडे, अजून कोणत्याही चाकाखाली न गेलेले. टांगेवाला कौतुकानं म्हणाला, "एकदम कोरा माल हाय, पाह्यसान ना!" मी पुढे, त्याच्या शेजारी होते. गाडी संपेपर्यंत मी माझ्या चपलेच्या अंगठ्याकडे पाहत राहिले.

ते लोखंड कोणीही बाजूला ठेवलेलं नाही, हे त्या टांग्यात फक्त मला ठाऊक होतं.

काकूंचं घर आमच्या घराला लागून, मधे फक्त एक कुडाची भिंत. त्यांचा मुलगा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणत असे. तो डिप्लोमा करून पूर्वेकडच्या एका नव्या पोलाद कारखान्यात लागला. त्या कारखान्याचं नाव मी लिहीत नाही. तेव्हा असे कारखाने हे आमच्या घरातलं रोजचं बोलणं होतं. वडील कचेरीतून आले की वर्तमानपत्र उघडत, आणि तिसऱ्या पंचवार्षिक योजनेत आणखी कुठे भट्ट्या उभ्या राहणार ते वाचलं की बैठकीतल्या भिंतीवरच्या देशाच्या नकाशावर लाल पेन्सिलीनं गोल करत. पाहुण्यांना तो नकाशा दाखवताना त्यांचा आवाज बदलायचा. "आता सुईसुद्धा बाहेरून यायची नाही," ते म्हणत. दादाला नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी एका गोलावर दुसरा गोल काढला, जणू तो कारखाना आता आमच्या गल्लीचाच झाला.

दादाची पत्रं वहिनीला येत, आणि वहिनी ती मला वाचून दाखवायला सांगे. तिला वाचता येत नव्हतं असं नाही. तिला ती दुसऱ्याच्या आवाजात ऐकायची असत. त्यात प्रेमाबिमाचं काही नसे. वितळलेलं पोलाद कसं पांढरं असतं, निळ्या काचेशिवाय त्याच्याकडे पाहता येत नाही, घराएवढ्या बादलीत ते घेऊन क्रेन डोक्यावरून जाते, आणि एका वेळी वितळवलेल्या मालाला तिथे 'हीट' म्हणतात, असं सगळं असे. एकदा त्यानं लिहिलं होतं की या महिन्यात त्यांच्या भट्टीनं ठरवल्यापेक्षा जास्त हीट काढल्या आणि सगळ्यांना पेढे वाटले. क्वार्टर मिळाली की तुला नेतो, असं प्रत्येक पत्राच्या शेवटी. क्वार्टर मिळाली नाही. वहिनीला सातवा महिना असताना तार आली.

त्याची ट्रंक घेऊन एक सहकारी आला. तो काकूंच्या ओसरीवर बसला आणि पाण्याच्या तांब्याला हात न लावता बोलला. वरच्या फळीवरून दादाचा तोल गेला होता. खाली बादली होती. यापेक्षा जास्त त्यानं सांगितलं नाही, आणि यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही उरलंही नव्हतं. निघताना तो वडिलांना हळूच म्हणाला, की असं झालं तर ती हीट वापरत नाहीत, बाजूला काढून पुरतात, अशी कामगारांची रीत आहे. या वेळी काय झालं ते त्याला माहीत नाही, साहेबांना लिहून विचारा.

ते पत्र मी लिहिलं. वडिलांचं इंग्रजी कचेरीपुरतं, गल्लीत धड इंग्रजी लिहिणारी मी एकटी होते. नागपूरच्या कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलमध्ये नऊ वर्षं काढून मी घरी आले होते, आणि घरात माझं मराठी पाहुण्यासारखं वाटत असे. गल्लीतल्या बायका हसत, "हिले बोलाले लावा ना कोणी, घुमी हाय नुसती." म्हणून मी कमी बोले. पण लिहायला सांगितलं की मला बरं वाटे. त्या पत्रात मी 'नम्र विनंती' दोनदा लिहिली.

महिन्याभरानं उत्तर आलं, टाइप केलेलं, चार ओळींचं. काकू माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसल्या, भोवती गल्लीतल्या बायका. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात, बोटांना कणीक तशीच.

पत्रात लिहिलं होतं: घडल्या प्रकाराचा खेद आहे, मात्र मालाच्या राष्ट्रीय निकडीमुळे सदर हीट नेहमीप्रमाणे ओतून, रूळ करून रवाना करण्यात आली आहे.

मी ते मनात दोनदा वाचलं. रवाना या अर्थाचा तो इंग्रजी शब्द आम्हाला शाळेत टपालाच्या धड्यात आला होता.

"काय म्हनते वं?" काकूंनी विचारलं.

"बाजूला ठेवलंय," मी म्हणाले. "तिथेच पुरलंय."

हे मी ठरवून बोलले नाही. पण बोलल्यावर थांबलेही नाही. "नारळ फोडला असन त्यायनं?" काकू म्हणाल्या. मी हो म्हणाले. "अन् वर काही लावलं काय? खूण?" झाड लावलंय, मी म्हणाले. काकू पहिल्यांदाच रडल्या, मोकळेपणानं, आणि मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "देव तुयं भलं करो माय. तुह्या तोंडानं कळलं." वहिनी दारातून हलली नाही. एवढ्या बायका माझ्याकडे इतका वेळ लक्ष देऊन पाहत आहेत, असं तोपर्यंत माझ्या आयुष्यात झालं नव्हतं. हे लिहायला मला अजून लाज वाटते.

संध्याकाळी पत्र वडिलांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून वाचलं. "इतक्यात त्यांना सांगायला नको," एवढंच ते म्हणाले आणि कागद त्यांच्या कायद्याच्या जाड पुस्तकात ठेवला. नकाशा त्यांनी काढला नाही. फक्त त्यानंतर त्यावर नवा गोल मी पाहिला नाही.

मला वाटलं होतं, खोटं एवढ्यावर संपेल. पण ज्याचा देह मिळत नाही, त्याच्यासाठी आमच्याकडे पळसविधी करतात. पळसाच्या पानांचा आणि देठांचा माणूस बांधायचा, दर्भानं आवळायचा आणि त्याला रीतसर अग्नी द्यायचा. काकूंच्या चुलत पुतण्यानं मोताळ्याकडून पानं आणूनसुद्धा ठेवली होती. विधी करणारे महाराज आले, पाटावर बसले, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देह कोठी आहे हे माहीत नसलं तं पानांचा करायचा. तुमाले तं जागा माहीत आहे. झाडबी लावलं म्हन्ता. मंग थो असून पानांचा कसा करू? तिथलं काही आना. मूठभर माती, लोखंडाचा कन. त्यालेच अग्नी देऊ."

काकूंनी मान डोलावली. मी खांबाला टेकून उभी होते. महाराजांचं काही चुकलं नव्हतं.

मग वाट पाहणं सुरू झालं. वहिनीचे दिवस भरत आलेले, तेव्हा प्रवास नाही. मुलगी झाली. ओली बाळंतीण, म्हणून नाही. मग वहिनीच्या भावाला रजा नाही. बाराव्या दिवशी कोणीतरी बारशाचं काढलं तर काकू म्हणाल्या, "बाप अजून मोकळा नाही झाला, अन् लेकीचं नाव काय ठेवता?" ती मुलगी बिननावाचीच राहिली, सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणत. वहिनी रोज कुंकवाच्या करंड्याकडे पाहून तो फडताळात परत ठेवायची, लावायचं की नाही हे कोणी तिला सांगत नव्हतं. काकू जेवताना पहिला घास ताटाबाहेर काढून ठेवत आणि म्हणत, "फिरत असन कोठी." पळसाची पानं मागच्या पडवीत वाळली. वारा सुटला की कुडाच्या भिंतीपलीकडे त्यांचा खरखर आवाज येई. दुपारी मी पुस्तक घेऊन बसले की तो आवाज माझ्या खोलीत शिरायचा. कोणी तरी कडक कपड्यात उठतं, बसतं, पुन्हा उठतं, असा.

मला दादा सगळीकडे दिसू लागला होता. चेहऱ्यानं नाही. तहसिलीच्या नव्या इमारतीसाठी रस्त्याकडेला सळयांचे ढीग आले, तर मी रस्ता ओलांडून पलीकडून जात असे. आईनं हौसेनं स्टीलची पहिली ताटली घेतली, मी पितळेच्या ताटलीतच जेवत राहिले, आणि आई म्हणाली, "कॉन्व्हेंटमध्ये शिकून हिला जुनंच आवडतं, पाहा." स्टेशनकडून मालगाडीचा आवाज आला की मी जे करत असेन ते थांबे. एवढा मोठा देश, इतके रूळ. तो आमच्या गावावरून गेला असेल, की आमच्या गावातच कुठे बसवला असेल, हे कोणीच कधी सांगू शकणार नव्हतं.

फाटकावरच्या त्या दिवसानंतर आठवड्यानं वहिनी दुपारी आमच्याकडे आली, मागोमाग काकू. वहिनीच्या भावाला रजा मिळाली होती. दुसऱ्या दिवशीच्या पॅसेंजरनं ती दोघं लेकीला घेऊन निघणार होती. मूठभर माती आणायची, महाराजांकडून उरकून घ्यायचं, आणि त्याच आठवड्यात बारसं. वहिनीच्या तोंडावर मी कितीतरी महिन्यांनी रंग पाहिला.

"मले हिंदी बी धड येत नाही," ती म्हणाली. "तू इंग्रजीत चिठ्ठी लिहून दे. इंग्रजी पाह्यलं की साहेब आयकन."

वडिलांचं पेन घेऊन मी बसले. वर 'माननीय महोदय' लिहिलं.

"लिही," वहिनी म्हणाली, "आमचा मानूस जिथं ठेवला, थे झाड दाखवा."

"अन् लिहिजो," काकू मागून म्हणाल्या, "आमी पैशाले नाही आलो म्हना. मूठभर मातीच पाह्यजे."

मी लिहीत होते. माझं अक्षर चांगलं आहे. नन त्याचं कौतुक करत. 'झाड' या शब्दापर्यंत आले आणि मला दिसलं, की ही चिठ्ठी कोणीतरी टेबलामागचा माणूस वाचेल. दोनदा वाचेल. मग लेकीला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या वहिनीकडे पाहील, आणि परक्या गावात, परक्या भाषेत तिला सांगेल. ती त्याला म्हणेल, नाही हो साहेब, आमच्याकडे पत्र आलंय, आमच्या शेजारच्या मुलीनं वाचलंय.

"काऊन थांबली वं?" वहिनीनं विचारलं. मग जरा हसून म्हणाली, "आन हे विचाराचंच राह्यलं. झाड कायचं हाय? तिथं पाच-पन्नास झाडं असतीन. मले वळखू कसं येईन?"

कडुनिंब, हे उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. मी पेनाचं टोपण लावलं.

"वहिनी, झाड नाहीये," मी म्हणाले. "तिथे काही पुरलेलं नाही. त्यांनी ते ओतून पाठवून दिलं, कुठे ते त्यांनाही माहीत नसेल. पत्रात तेच लिहिलं होतं, मी दुसरंच सांगितलं. तुम्ही जाऊ नका. महाराजांना बोलवा आणि पानांचंच करा."