मसालेभाताखालचं चित्र

आमच्या मंडळाच्या गणपतीत आरती झाली की माईकवरून आभार मानतात. हॉलचे, साउंडचे, जेवण पुरवणाऱ्या रेस्टॉरंटचे, घरून समया आणणाऱ्या काकूंचे. मग स्पॉन्सर काकांना स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ. आणि सगळ्यात शेवटी, लोक जेवणाच्या रांगेकडे सरकू लागल्यावर, ‘डेकोरेशन कमिटीचेही आभार.’ ती कमिटी म्हणजे मी एकटी. गेली कित्येक वर्षं.

इथे अमेरिकेत, श्रूजबरीजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात मी कलेचा इतिहास शिकवते. गणपती येतात त्याच सुमाराला वर्गात युरोपातला प्रबोधनकाळ सुरू होतो. मुलांना वाटत असतं, ते सगळे चित्रकार जन्मापासून थोर म्हणून मिरवत होते. कसले मिरवतात! सुरुवातीला त्यांना सुताराच्या रांगेत बसवत. लग्नाच्या पेट्या रंगवा, मिरवणुकीचे झेंडे रंगवा, मिरवणूक संपली की झेंडा गेला कुठेतरी. फ्लॉरेन्समध्ये तर चित्रकार वैद्यांच्या आणि औषधं विकणाऱ्यांच्या संघात असत. करारात निळा रंग कोणत्या प्रतीचा हवा ते बजावून लिहायचे. एक मुलगा म्हणाला, ‘सो दे वेअर बेसिकली कॉन्ट्रॅक्टर्स?’ मी म्हटलं, हो, बरोबर. पुढे ते दिवस पालटले. श्रीमंत लोक चित्रकाराच्या मिनतवाऱ्या करू लागले, विषय काहीही घ्या, पण तुमच्या हातचं काहीतरी द्या म्हणून. हे दरवर्षी शिकवताना मला आनंद होतो. आणि शनिवारी मंडळात गेले की तो सगळा आनंद उतरतो.

या वर्षी कमिटीनं ठरवलं की थर्माकोलचं मखर नको. स्पॉन्सर काका म्हणाले, ‘तू एखादा मोठा पडदाच रंगव ना गं. तुला तर आवडच आहे.’ या ‘आवड’ शब्दाचा मला मनस्वी राग आहे. काका हृदयाचे डॉक्टर होते, आता रिटायर झाले. त्यांनाही हृदयाची आवडच असणार. पण आवड आहे म्हणून शनिवारी येऊन दोन बायपास करून जा, असं त्यांना कोणी कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

तरी मी हो म्हटलं, कारण चित्र डोक्यात आलं होतं. सगळा उन्हाळा बेसमेंटमध्ये घालवला. भिंतीएवढा कॅनव्हास. एकामागे एक लहान होत जाणाऱ्या कमानी, पलीकडे तळं, त्याच्यावर आकाश. सगळ्या रेषा मूर्तीच्या डोक्यामागे एका ठिकाणी मिळतील अशा आखलेल्या, म्हणजे गणपती उघड्या ओसरीत बसल्यासारखा दिसेल. आकाशाचा निळा मनासारखा येईना. थर द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा. नवरा लाँड्री लावायला खाली यायचा, जाता जाता ‘मस्त’ म्हणायचा. तो मंडळाचा सेक्रेटरी, त्याला शंभर कामं. मी ते ‘मस्त’ जपून ठेवत होते.

आणि खरंच छान दिसलं. भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या त्या मठ्ठ हॉलमध्ये गणपतीमागे अचानक लांबवरचा उजेड आला. लोकांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले. नेहमीसारखे आभार झाले, मग जेवण मांडणारे सोडून आम्ही सगळे विसर्जनाला पार्किंग लॉटमध्ये गेलो. तिथे टबात पाणी भरलेलं असतं.

मी सगळ्यांच्या मागून आत आले तर स्टेजवर पडदा टांगायचे नुसते पाइप उभे होते. कॅनव्हास गायब. कोणीतरी नीट गुंडाळून ठेवला असेल, असं मला वाटलं. किती भाबडी मी! कॅफेटेरियात गेले तर माझं चित्र जमिनीवर पसरलेलं होतं, रंगवलेली बाजू वर. त्याच्यावर जेवणाची टेबलं. फरशीवर डाग पडता कामा नये ही शाळेची अट, आणि प्लॅस्टिक कोणीतरी घरी विसरलं होतं. मसालेभात घेऊन लोक माझ्या कमानींवरून बुटांनी चालत होते. आकाशात आमटी सांडली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘कोणी केलं हे?’ मी ओरडलेच.

काका ताट घेऊन उभे होते. ‘अगं, एवढं काय त्यात? पुढच्या वर्षी तू नवीन करशीलच की.’

मसालेभाताच्या ट्रेमागून, हातात डाव घेऊन, माझा नवरा म्हणाला, ‘मीच म्हटलं, वापरा. प्लॅस्टिक नव्हतं यार, काय करणार? घरचंच आहे ना.’

काकांचा मला राग आला होता, पण याचं बोलणं आत कुठेतरी लागलं. हा रोज बेसमेंटमध्ये येत होता. यानं तो निळा चढताना पाहिला होता.

‘टेबलं हलवा,’ मी म्हणाले.

‘भरलेली आहेत गं, कशी हलवणार?’ काका म्हणाले.

‘मग ट्रे हातात धरा.’

आणि त्यांनी धरले. डॉक्टर, इंजिनिअर, सगळे मोठमोठे लोक नॅपकिनमध्ये गरम ट्रे धरून भिंतीला टेकून उभे राहिले. टेबलं बाजूला झाली. मी गुडघ्यावर बसून आमटी पुसली आणि कॅनव्हास गुंडाळायला घेतला. नवरा दुसरं टोक धरायला पुढे आला.

‘ते राहू दे,’ मी म्हटलं. ‘तू त्या कोपऱ्यातल्या माईकवर जा आणि हे चित्र कोणी काढलंय ते सगळ्यांना सांग.’

तो गेला. घसा साफ केला. ‘फ्रेंड्स, हे बॅकड्रॉप आहे ना, ते माझ्या मिसेसनी स्वतः पेंट केलंय. प्लीज, गिव्ह हर अ बिग हँड!’

टाळ्या झाल्या. ट्रेवाल्यांनी नुसत्या माना हलवल्या.

याच मंडळाच्या हळदीकुंकवाला बायकांनी मला मध्ये उभं करून उखाण्यात त्याचं नाव घ्यायला लावलं होतं. मी ते यमक जुळवून, लाजत, हसत घेतलं होतं. आता मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. म्हटलं, माझं नाव घेईल. आत्ता घेईल.

त्यानं माईक बंद केला. माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, ‘झालं ना आता समाधान?’