आठवीची हिंदी

“आज आठवीं की हिन्दी सुधा जी लेंगी,” हेडमास्तर मला म्हणाले. “आप छठवीं को मैदान में बैठाइए. और चाय-पानी को हाथ मत लगाइएगा.”

सगळ्या मास्तरांसमोर. इन्स्पेक्टर साहेब येणार होते.

आठवीची हिंदी माझी होती. जुलैपासून. गढ्याहून बस, मग दोन मैल पायी. पाठ करून नाही, आपल्या घरचं लिहायचं, हे मी पोरींना शिकवलं होतं.

सुधा दीदी शाळेतली दुसरी मास्तरीण, शहरातल्या दीक्षितपुऱ्याची. मराठीच, माझ्यासारखी. माझ्यासारखी म्हणजे घरी मराठी बोलणारी, तेवढंच. तिचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इकडे हिंदी मुलखात आले. माझा बाप भंडाऱ्याहून विड्या वळायला आला. आम्ही महार. शाळेत सगळ्यांना ठाऊक. तिच्या घरी पुस्तकांचं कपाट. आमच्या घरात वाचायला शिकलेली पहिली मीच.

खरं सांगते, आधी राग नाही आला. जळली मी. तिचा ‘श’ कसा, ‘ण’ कसा! घरी आरशासमोर उभी राहून मी तिच्यासारखं बोलून पाहायची. पदरसुद्धा तिच्यासारखा घ्यायची. इतकी जळायची.

हेडमास्तर गेल्यावर ती हळूच म्हणाली, “मनाला लावून घेऊ नकोस गं. तुझं बोलणं साहेबांना खटकलं असतं.”

“काहून?”

ती नुसती हसली.

मैदानात आठवीच्या वर्गातलं सगळं ऐकू येत होतं. फुलवती निबंध वाचू लागली. ‘मेरी मताई’. त्या गावात आईला मताई म्हणतात. मी तो शब्द खोडला नव्हता.

“मताई नहीं, माता कहो,” सुधा दीदी म्हणाली. “किसने सिखाया ये?”

साहेब हसले. मग अख्खा वर्ग हसला. मी खिडकीशी गेली. फुलवतीची मान खाली. हातातला कागद चुरगळून राहिली होती.

त्या पोरीला लाज वाटून राहिली होती. आपल्या आईची. आणि मी? इतके महिने मी काय करून राहिली होती? माझ्या आईची बोली माझ्याच तोंडातून पुसून काढत होती.

सहावीला तिथंच बसवलं. सरळ वर्गात शिरली.

“सर, मैंने सिखाया. कक्षा मेरी है.” मग फुलवतीकडे वळली. “पढ़, बेटा. जैसा लिखा है, वैसा.”

तिनं चुरगळलेला कागद सरळ केला. शेवटपर्यंत वाचलं तिनं. कोणी हसलं नाही.

हेडमास्तरांनी माफीनामा मागितला. नाही दिला. बदली झाली, जिथं बससुद्धा जात नाही अशा गावी. आठवी सुधा दीदीलाच मिळाली.

मी आजही जळते तिच्यावर. खोटं कशाला बोलू? न मागता मिळालं तिला सगळं. पण तिच्यासारखं व्हायचं खूळ त्या दिवशीच संपलं.

नव्या शाळेत पहिल्याच दिवशी हेडमास्तरांना सांगितलं, बसायच्या आधी, “दौरा किसी का भी हो, मेरी कक्षा मैं ही लूँगी. लिख लीजिए.”