पायाखालची नावं

ऑगस्टमधल्या एका शनिवारी मी दोन्ही मुलांना घेऊन बाथला गेलो. बायकोची हॉस्पिटलात ड्यूटी होती, आणि आमच्या साउथहॅम्प्टनहून बाथ म्हणजे ट्रेननं दीडएक तास. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार. "जमेल ना एकट्याला?" असं बायकोनं तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी तिला फोनवरचा तक्ता दाखवला. अकराला ॲबी म्हणजे तिथलं जुनं मोठं चर्च, साडेबाराला रोमन लोकांची स्नानगृहं, दीडला नदीकाठी डबा, तीनला बोट. मी सॉफ्टवेअरमधला माणूस आहे. तक्ता केला की अर्धं काम झालं असं मला मनापासून वाटतं.

तक्त्यात एक गोष्ट लिहिली नव्हती. फेब्रुवारीत माझी आई गेली. दर उन्हाळ्यात ती साताऱ्याहून आमच्याकडे यायची आणि परत जाईपर्यंत मुलगी तिच्याच खोलीत झोपायची. फोन आला त्या दिवशी मिळेल त्या विमानानं मी एकटाच निघालो. मुलीची शाळा चालू होती हे सांगायचं कारण. खरं म्हणजे आजीला तशी तिनं पाहू नये असं मला वाटलं. तिला म्हटलं, आजीला बरं नाही, बघून येतो. सगळे दिवस उरकून परत आल्यावर खरं ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून सहा महिने तिनं माझ्यापाशी आजीचा विषय काढला नव्हता. तिच्या आईपाशी काढायची, मी आलो की गप्प व्हायची. मी केलं ते चांगल्या हेतूनंच केलं होतं, पण हेतू घेऊन काय करायचं? या सहलीत ती माझ्याशी पुन्हा पहिल्यासारखी बोलू लागावी, एवढीच माझी इच्छा होती.

ॲबीच्या दारातच घोडं अडलं. मुलीनं सँडल काढून हातात घेतल्या. देव कुणाचाही असो, चपला बाहेर, ही आजीची शिकवण. मागे माणसं खोळंबली होती. मी दबक्या आवाजात सांगितलं की इथं तसं करत नाहीत, बघ, सगळे बुटांत आहेत. तिनं आजूबाजूला पाहिलं आणि सँडल पुन्हा पायात चढवल्या. चला, पहिली अडचण तरी सुटली, असं म्हणत मी आत शिरलो.

आत उंचच उंच छत आणि रंगीत काचांमधून उतरलेलं ऊन. मी मान वर करून, आदल्या दिवशी वाचून ठेवलेली माहिती सांगत होतो. धाकटा माझं बोट धरून डबा कधी खायचा ते विचारत होता. थोरलीचं लक्ष मात्र खाली होतं. त्या ॲबीची जमीनच नावांची आहे. पूर्वी तिथं पुरलेल्या माणसांच्या नावांच्या शिळा, एकीला लागून एक, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी झिजलेल्या. ती एका शिळेवरची अक्षरं लावू लागली. एका बाईचं नाव, मग नवऱ्याचं, मग वय. हे काय आहे, असं तिनं विचारलं. मी गाइडच्या तोऱ्यात सांगून टाकलं की या बाईला इथं पुरलंय, आणि शेजारी बहुतेक तिचा नवरा.

ती जागीच थांबली. एक पाय उचलून त्याच्याखाली कोण आहे ते तिनं पाहिलं. मग वाकून शिळेला हात लावला आणि तो कपाळाला लावला. एक पाऊल पुढे टाकलं, पुन्हा वाकली, पुन्हा हात कपाळाला. पुस्तकाला किंवा माणसाला चुकून पाय लागला की आपण करतो तो नमस्कार. आजीनं शिकवलेला, आणि आमच्या हॉलभर धाकट्याची चित्रांची पुस्तकं पसरलेली असल्यामुळे तिला त्याचा भरपूर सराव होता.

आधी मला कौतुक वाटलं. सात-आठ शिळा झाल्यावर मी घड्याळ पाहिलं. लोक तिला वळसा घालून जात होते, काही थांबून बघत होते. पुढे अजून सगळी ॲबी पडली होती आणि स्नानगृहांच्या तिकिटावर साडेबाराची वेळ छापलेली होती. शेवटी मी माझ्या वळणावर गेलो. मी तिचा दंड धरला आणि म्हणालो, "चल आता. सगळेच चालतात यांच्यावरून. ते काही आपले कोणी नाहीत."

तिनं दंड सोडवून घेतला. "पण हे पीपल आहेत, बाबा. आजी म्हणाली होती, कोणालाही पाय लागला तरी नमस्कार करायचं."

सहा महिन्यांनी तिनं माझ्यासमोर आजीचं नाव घेतलं होतं, तेही मी डाफरलो म्हणून. मी काही बोलणार तेवढ्यात तिनं विचारलं, आजीचा असा दगड कुठं आहे? मी म्हटलं, आपल्यात असा दगड नसतो. आजीच्या अस्थी मी नदीत सोडल्या, कृष्णेत. हे सांगताना माझ्या ध्यानात आलं की मी तिला हे कधी सांगितलंच नव्हतं. आजी गेली, एवढं सांगून मी मोकळा झालो होतो.

तिनं खालच्या नावांकडे पाहिलं.

"मग आजीला माझा पाय लागला तर मला कसं कळणार?"

मला लाज वाटली. मी तक्ता उघडलेला फोन खिशात टाकला आणि तिला म्हटलं, कर तुला करायचे तेवढे नमस्कार. दारापर्यंत तिनं एकही शिळा सोडली नाही. तिचं बघून धाकटाही दोन्ही हात टेकवून नमस्कार घालू लागला. त्याच्यासाठी तो खेळच होता. स्नानगृहांची वेळ केव्हाच टळली होती.

मग आम्ही नदीवर गेलो. तिथं पुलाच्या अलीकडे नदी टप्प्याटप्प्यानं खाली उतरते आणि काठाशी बोटीत चढायला पायऱ्या आहेत. पायऱ्यांवर बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाता खाता मी तिला साताऱ्याजवळच्या संगम माहुलीच्या घाटावर अस्थी सोडल्या तेव्हाचं सगळं सांगितलं, जसं झालं तसं. ती एकेक बारीक गोष्ट विचारत गेली. पाणी थंड होतं का, सोबत कोण होतं, मी काय म्हणालो. मी सांगितलं की पाणी गुडघ्यापर्यंत होतं आणि थंड होतं, काका होता, गुरुजी होते, आणि जे काही म्हणायचं ते गुरुजीच म्हणाले. मी रडलो का, असंही तिनं विचारलं. नाही, म्हटलं, कामं फार होती. हे उत्तर तिला पटलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग ते पाणी पुढं कुठं जातं, हा प्रश्न आला. समुद्राला. आणि ही समोरची नदी? तीही समुद्राला. समुद्र सगळे एकमेकांना जोडलेले असतात, असं तिनंच मला शाळेत शिकवल्याप्रमाणे सांगितलं आणि शेवटची पुरी भावाला दिली.

पुढं आइस्क्रीम झालं, आणि धाकट्यानं त्यातलं निम्मं माझ्या पायावर सांडलं. चिकट पाय घेऊन कुठं फिरणार, म्हणून मी सँडल काढली, शेवटच्या पायरीवर उतरलो आणि पाय पाण्यात घातला.

"बाबा," ती वरून हळूच म्हणाली, "पाय लागला तुझा."

मी पाय बाहेर घेतला. वाकलो, पाण्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला. माहुलीला गुडघाभर पाण्यात उभा असताना जे आलं नव्हतं, ते इथं भर दुपारी, आइस्क्रीम खाणाऱ्या माणसांच्या गर्दीत आलं. मी त्याच पायरीवर बसून हमसून हमसून रडलो. धाकटा घाबरून बहिणीला चिकटला. बाबाला आजी हवी आहे, असं तिनं त्याला समजावलं आणि दोघं माझ्या दोन बाजूंना येऊन बसली. तीनची बोट आली, भरली आणि निघून गेली.

"नेक्स्ट टाइम मला न सांगता जायचं नाही," ती म्हणाली.

पुढची वेळ कोणाची असेल, ते तिनं विचारलं नाही. मी हो म्हणालो.