सुपारीच्या माडीवरची कंपनी

चष्मा काढायचा, सदऱ्याच्या टोकाला पुसायचा आणि म्हणायचं, "चूक आधी आपल्या घरात शोधू." समोर विद्यापीठाचा अधिकारी असो की वाडीतला गडी, आमच्या सरांचं हे ठरलेलं.

गेल्या महिन्यात सर गेले. त्यांच्या कंपनीचं नवी मुंबईतलं काचेचं ऑफिस तुमच्यापैकी कुणी पाहिलंही असेल. पण सुरुवात झाली श्रीवर्धनला, त्यांच्या वाडीतल्या सुपारी साठवायच्या माडीवर. विद्यापीठाचे निकाल कॉम्प्युटरवर लावून द्यायचे, एवढंच काम. त्यासाठी सरांनी कॉलेजातली शिकवायची नोकरी सोडली.

त्याच कॉलेजच्या ऑफिसातून मीही त्यांच्यामागे गेले. परीक्षांचे नियम मला पाठ. तेव्हा अख्खं विद्यापीठ आपल्या पदराला बांधलंय अशा थाटात मी माडीचा जिना चढायचे. पहिल्या दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा केली, ती इतकी मनापासून की हळदकुंकू कीबोर्डच्या फटींत गेलं. सर म्हणाले, "बाई, देव पावला असेल, पण बटणं रुसलीत."

पहिला निकाल लागला आणि एका मुलीचे वडील धापा टाकत माडीवर आले. "माझी वंदना नापास कशी? आधीच्या वर्षांना चांगले मार्क व्हते तिला!"

वंदनाचं मध्ये लग्न झालं होतं. आपल्याकडे ताटातल्या तांदळांत सुनेचं नवं नाव लिहितात; तशी वंदनाची समिधा झाली आणि शेवटची परीक्षा तिने त्याच नावाने दिली. आमच्या प्रोग्रॅमच्या लेखी त्या दोन निराळ्या मुली. एकीची शेवटची परीक्षा नाही, दुसरीची आधीची वर्षं नाहीत. शोधलं तर अशा कितीतरी सुना निघाल्या. आणि प्रोग्रॅम तपासायला बसलेली मी, स्वतः तांदळात नाव बदललेली बाई! शहाणपणा सगळा नियमांत गेलेला.

सरांचा धाकटा भाऊ कंपनीत भागीदार होता. तो म्हणाला, "दादा, मुलींनी नाव बदलल्याचं कळवलं नाही, असं सांगू. चूक आपली म्हणालास तर हातातलं एकुलतं एक काम जाईल."

"नियम तसाच आहे," मीही मान डोलावली.

सरांनी चष्मा पुसला आणि चूक आमची असल्याचं विद्यापीठाला कळवून टाकलं. निकाल दुरुस्त झाले. काम गेलं. ते परत मिळेपर्यंत माडीवर पुन्हा सुपारीची पोती येऊन बसली.

त्या रिकाम्या दिवसांत सर एकेका मुलीच्या घरी गेले. समिधाचं सासर काशीदजवळ. नव्या सुनेला भेटायला एकट्या पुरुषाने कसं जायचं, म्हणून मला बरोबर घेतलं. दिघीहून लाँचने खाडी ओलांडली. सासरा अंगणातच भेटला.

"नापास झाली ना? मंग बास झालं शिक्षन. घरात कामं काय कमी हाईत?"

सर खाटेवर बसलेच नाहीत. दाराआड उभ्या असलेल्या त्या मुलीपुढे त्यांनी हात जोडले. केस पिकलेला माणूस, आणि मान अशी खाली.

"बाळ, तू पास आहेस. चूक आमची झाली."

"म्हंजे ही पास हाय?" सासऱ्याने मलाच विचारलं.

"पहिल्यापासून होती," सर म्हणाले. "पुढे शिकवा तिला."

सासरा स्वतःच खाटेवर टेकला. मुलगी मात्र दाराबाहेर आली.

"सर, बी.एड.च्या फॉर्मवर नाव कुठलं लावू?"

"तुला हवं ते. तुला शोधून काढायचं काम आमचं."

तिने एकदा सासऱ्याकडे पाहिलं.

"वंदना," ती म्हणाली.