राणीच्या डब्यातला साबुदाणा

कुवेतमध्ये माझ्याइतके कडक उपास दुसरं कोणी करत नाही, अशी साठ सालच्या सुमाराला माझी ठाम समजूत होती. कडक म्हणजे काय, तर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी आणि वर दाण्याचा लाडू. उपासाच्या दिवशी आमचे हे ऑफिसातून जरा लवकरच घरी येत. माझं वजन वाढत चाललं होतं, त्याचं खापर मी वाळवंटातल्या हवेवर फोडत असे.

साबुदाणा मिळायची मारामार. बाजारात रत्नागिरीकडच्या एका चाचांचं किराणा दुकान होतं. मुंबईहून बोट आली की ते माझ्यासाठी थोडा बाजूला काढून ठेवत. तो मी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात भरून ठेवी. डबा यांच्या इंग्रज साहेबाने नाताळात दिलेला, झाकणावर इंग्लंडच्या राणीचं मुकुटासकट चित्र. मी स्वतंत्र देशाची नागरिक, आणि आल्यागेल्याला तसं ऐकवतही असे. पण डबा मात्र दर्शनी फळीवर, राणीचं तोंड दाराकडे करून ठेवलेला.

कुवेतच्या सालमिया भागातल्या आमच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, एक नर्स राहायची. चाळिशीची, इस्पितळात मोठ्या हुद्द्यावर. मी तिला सिस्टरच म्हणे. दक्षिण अमेरिकेत इंग्रजांच्या ताब्यातला एक देश होता, सगळा घनदाट जंगलाचा, तिथली ती. आपण पोर्तुगीज वंशाच्या, असं तिने सगळ्यांना सांगितलेलं. मला पोर्तुगीजांतलं काय कळतंय! गोव्याचा पाव खाल्ला होता, एवढाच माझा अभ्यास. ती टोस्टसुद्धा काट्यासुरीने खायची. तिचं बघून मी घरी काट्याने वरणभात खायची तालीम सुरू केली, तेव्हा हे म्हणाले, "अगं, डोळ्यात घालून घेशील एखाद दिवशी."

एका एकादशीला मी तिला खिचडी खायला बोलावलं. आणि नुसतं खाऊ घालून गप्प बसेन तर ती मी कसली! माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी तिला ऐकवलं, की हे आमच्या ऋषिमुनींच्या काळापासूनचं पवित्र अन्न आहे, बाहेरच्यांना त्याचं मर्म कळायचं नाही. तिने दोन घास खाल्ले आणि थांबली. म्हणाली, "कच्चा कसा असतो ते दाखव." मी राणीला खाली उतरवलं. तिने एक दाणा दाताखाली चिरडला, जिभेवर घोळवला.

"हा कसावा आहे," ती म्हणाली. "कंद. आमच्याकडे जंगलातले लोक लावतात."

"छे! साबुदाणा झाडाला लागतो," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं, चिंचेसारखा.

तिने ताटलीकडे नीट बघितलं. शेंगदाणे तिच्या मुलखातले. मिरची तिथलीच. बटाटा पलीकडच्या डोंगरातला, असं तिला शाळेत शिकवलेलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि बघा, त्याही तिच्याच निघाल्या!

"मग आमचं काय आहे यात?" मी जवळजवळ ओरडलेच.

तिने मनापासून विचार केला. "तूप," ती म्हणाली.

संध्याकाळी मी तरातरा चाचांचं दुकान गाठलं. ते पोट धरून हसले. "वैनी, साबुदाना झाडाला लागत नाय. कंदाचं पीठ असतं, मद्रासकडं गोळ्या करतात त्याच्या. एवढी वर्षं नेताय, मला वाटलं तुम्हाला म्हायती हाय!" घरी यांनी आणखी मीठ चोळलं. म्हणाले, "पुढच्या एकादशीला तुपाची वाटीच तोंडाला लाव." मी सिस्टरशी अबोला धरला. तिची त्या वेळी रात्रपाळी चालू होती, त्यामुळे तिला त्याचा पत्ताच लागला नाही.

पुढच्या एकादशीच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, ती दारात उभी. अंगावर गणवेश, टोपी हातात. तार आली होती. तिची आई गेली होती, आणि नदीकाठच्या गावातून ती बातमी शहरात आणि तिथून कुवेतला पोचेपर्यंत पुरूनही बरेच दिवस झाले होते.

मी तिला स्वयंपाकघरात बसवलं, पाणी दिलं. ती बोलत सुटली. पोर्तुगीज वगैरे कोणी नव्हतं. आई जंगलातली, त्या लोकांतली. हिला लहानपणी मिशनच्या शाळेत ठेवलेलं. तिथे कसावाची भाकरी म्हणजे रानटी लोकांचं खाणं. आईच्या भाषेतला एक शब्द तोंडून निघाला, की वर्गासमोर उभं करून त्याचा इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचे. आई दर आठवड्याला होडी वल्हवत भाकरी घेऊन यायची. ही ती स्कर्टखाली लपवायची आणि मागे नेऊन फेकून द्यायची.

"आणि आमची जमीन इंग्लंडच्या राजाची आहे, असंही शिकवलं," ती म्हणाली. "पुढे ती राणीची झाली. राजा काही कधी आला नाही, राणीही नाही. आई मरेपर्यंत तिथे कसावा लावत होती." तिची नजर फळीवरच्या डब्याकडे गेली. "मला आज ती भाकरी खायची आहे. थोडासाच दे."

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? परवा एकादशी आणि बोटीला अवकाश! माणसाने किती कोतं असावं! ती रडत होती आणि मी डबा राखत होते. माझी मलाच इतकी लाज वाटली, की मी उठून अख्खा डबा परातीत उलटा केला.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. साबुदाणा खलबत्त्यात कुटला, चाळला, पाण्याचा हबका मारला. ती सांगत होती, की मुळात त्या कंदात विष असतं. तो किसायचा, विणलेल्या लांबलचक पिशवीत भरायचा, पिशवी तुळईला टांगून खालून ओढायची, म्हणजे विषारी पाणी निघून जातं. तिची आई पिशवीच्या खालच्या टोकात अडकवलेल्या दांडीवर बसायची आणि हिला मांडीवर घ्यायची, वजन वाढावं म्हणून. हे सांगताना ती हसली आणि लगेच पुन्हा रडायला लागली.

पहिली भाकरी मोडली. दुसरी तव्याला चिकटली, तव्याला मी माहेरची भाषा ऐकवली. तिसरी धड निघाली. ती उन्हात वाळवायची असते म्हणे. कुवेतचं ऊन तेवढ्या तरी कामाला आलं. गच्चीवर ती भाकरीजवळ बसून राहिली आणि मी तिच्या डोक्यावर छत्री धरून उभी.

खाली येऊन ताटलीत भाकरी ठेवतोय तोच दाराची घंटा वाजली. यांच्या साहेबाची मेम. धर्मादाय बाजारासाठी माझं क्रोशाचं विणकाम न्यायला ती दर महिन्याला यायची. तिचं "हॅलो" ऐकू आलं आणि ताटली रिकामी! भाकरी सिस्टरच्या मांडीवर, एप्रनखाली. आणि मी? मला काही कोणी मिशनच्या शाळेत घातलं नव्हतं. तरी माझ्या हातांनी तितक्याच चपळाईने खलबत्ता ओट्याखाली ढकलला, परातीवर वर्तमानपत्र टाकलं आणि मारी बिस्किटांचा पुडा फोडला. आम्ही एकमेकींकडे बघितलं. दोघींच्याही लक्षात आलं.

मेम येऊन बसली. मी बिस्किटं पुढे केली. तेवढ्यात सिस्टर जराशी हलली आणि मांडीवरची भाकरी कटकन मोडली.

"हे काय वाजलं?" मेमने विचारलं.

सिस्टरचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ही उठून जाणार. पण तिने एप्रन बाजूला केला आणि भाकरीचे दोन्ही तुकडे टेबलाच्या मधोमध ठेवले.

"माझी आई वारली," ती म्हणाली. "ही तिची भाकरी."

"अरेरे!" मेम म्हणाली. "पोर्तुगीज भाकरी का?"

"नाही. माझी आई जंगलातली होती."

मेमने हातातलं बिस्किट खाली ठेवलं. मग, खोटं कशाला बोलू, तिने नीट सांत्वन केलं, एक तुकडा मोडून खाल्ला आणि विचारलं, "याला म्हणतात काय?"

"मॅडम, इट इज..." मी सवयीने सुरुवात केली. सिस्टरने हात वर करून मला थांबवलं आणि एक शब्द उच्चारला. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून मी तसला आवाज ऐकला नव्हता. मेमने तो म्हणून बघितला, चुकली.

"पुन्हा," सिस्टर म्हणाली.

मेम पुन्हा चुकली.

"पुन्हा."

या खेपेला जमलं असावं. सिस्टरने मान डोलावली. मग डोळे पुसून ती माझ्याकडे वळली.

"आता तू."

मी उठून उभी राहिले.