व्हर्ला पिंगरीचा डावा हात

व्हर्ला पिंगरीशी कोणी गोड बोललं की तिचं डोकं फिरायचं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभी हयात काढली. गावातल्या दोन पिढ्यांना तिने रस्सा वाढला आणि ओरडून ओरडून ताटं चाटूनपुसून संपवायला लावली. तिच्याशी बोलायचं म्हणजे आधी दोन टोमणे मारायचे, चार ऐकून घ्यायचे, मग कामाचं काय ते. धाकटा दीर ऑरिन यात पटाईत. दारातून शिरता शिरताच विचारायचा, "आहेस का गं अजून? मला वाटलं, गेलीस!"

"तुला पोचवल्याशिवाय नाही जायची," ती आतून म्हणायची. एवढं झालं की मग कॉफी.

पण शरदात एल्क हरणांच्या शिकारीचे दिवस चालू असताना एका सकाळी तिची उजवी बाजू गेली. पाय हळूहळू ताळ्यावर आला, काठी टेकत का होईना ती चालायला लागली. हात मात्र आला नाही. तो नुसता खांद्याला लटकून राहिला. आणि तेव्हापासून सगळं गाव तिच्याशी गोड बोलायला लागलं. ऑरिनसुद्धा! "बरं वाटतंय ना? उशी देऊ पाठीला?" उशी म्हणे! ती उशी त्याच्याच तोंडावर दाबावी, असं तिला वाटायचं.

तिला एकच हवं होतं. जुलैत डचमन तळ्यावर जायचं आणि आपला मासा आपण धरायचा.

हे तळं आमच्या विंड रिव्हरच्या डोंगरात इतकं उंचावर आहे, की झाडंसुद्धा दमून खालीच थांबतात. जुलै उजाडला तरी त्यावर बर्फाची लादी असते. ती फुटून काठाला काळं पाणी दिसू लागलं, की पिंगरी मंडळी घोड्यांवर बसून वर जातात आणि वर्षाचे पहिले ब्रूक ट्राउट मासे तिथेच तव्यात टाकतात. नियम व्हर्लाच्या सासऱ्याने घालून दिलेला. गळाला किडा लावायचा नाही, केसापिसांची बांधलेली खोटी माशी तेवढी चालेल. ज्याने त्याने आपण धरलेला मासा खायचा. दुसऱ्याला शेपटीचा तुकडाही द्यायचा नाही. ज्याला मिळाला नाही त्याने बटाटे खायचे आणि लोकांची थट्टा ऐकायची. व्हर्ला नवी सून म्हणून वर गेली, तेव्हा कितीतरी वर्षं तिच्या नशिबी बटाटेच आले. त्यात ती आयडाहोची, बटाट्यांच्या मुलखातली. सासरा म्हणायचा, "माहेरची आठवण काढ आणि गीळ!" पुढे ती अशी तरबेज झाली, की तिचा नवरा ग्लेन मरेपर्यंत तिच्यावर जळायचा, आणि ते चारचौघांत कबूलही करायचा.

तो सगळा हिवाळा तिने डाव्या हाताला कामाला जुंपलं. तबेल्यात उभी राहून ती गळाची काठी फिरवायची. दोरी छपराला अडकायची, घोडीच्या कानात अडकायची, एकदा तर तिच्याच टोपीत अडकली आणि टोपी शेणात पडली. माशी बांधायची तर दोऱ्याचं एक टोक दातांत धरावं लागे, त्यामुळे शिव्यासुद्धा धड देता येईनात. वसंत आला तरी दोरी चार हातांच्या पलीकडे जाईना.

निघायच्या आदल्या दिवशी जाऊ आली. ट्रेवा, ऑरिनची बायको. बाई मनाने लोण्याची.

"यंदा राहू दे ना गं. आम्ही आणू तुझ्यासाठी दोन मासे."

"नियम मोडून?"

"आजारी माणसाला कसला नियम?"

"कोण आजारी आहे? सांग ना, जाऊन भेटून येते बिचारीला."

दुसऱ्या दिवशी व्हर्ला घराच्या पायरीवरून घोडीवर चढली. चढायला वेळ लागला. सगळे मुद्दाम दुसरीकडे बघत होते, आणि ते पाहून तिचा अधिकच संताप झाला.

तळ्यावर पोचल्या पोचल्या पिंगऱ्यांनी आपलं नेहमीचं केलं. रबरी विजारी चढवून सगळे मांड्यांपर्यंत पाण्यात घुसले आणि लागले दोऱ्या लांब लांब फेकायला. या घराण्याची खोडच ती. मासा मिळो न मिळो, दोरी पार बर्फाच्या कडेपर्यंत गेली पाहिजे. व्हर्ला इतकी वर्षं त्यांच्यात सगळ्यांत पुढे असायची. यंदा तिच्या पायाला तो गोटे भरलेला तळ पेलणार नव्हता. काठावरच्या एका सपाट दगडावर ती बसली. दोरी फेकली की धपकन पायाशीच पडायची. पुन्हा फेकायची, पुन्हा पायाशी. सूर्य डोक्यावर आला तरी तिची पिशवी रिकामीच होती.

जेवायच्या वेळी ऑरिन पाण्यातून बाहेर आला, तिच्यामागून गेला, वाकला आणि एकदम ओरडला, "अरे वा! बघा बघा, व्हर्लाला दोन मिळाले!"

व्हर्लाने पिशवीत पाहिलं. दोन मासे. ऑरिनला सकाळपासून मिळालेले तेवढेच दोन. सगळे टाळ्या वाजवायला लागले. टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि त्यांना ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. तिचा चेहरा लालबुंद झाला. तिने ते मासे उचलले आणि ट्रेवाच्या कुत्र्यापुढे टाकले. कुत्र्याने एक तिथेच गिळला आणि दुसरा घेऊन पळालं.

"अगं, मी आपलं चांगल्या मनाने..." ऑरिन पुटपुटला.

"ठेव तुझं चांगलं मन तुझ्यापाशी! मला बटाटे वाढा. पण ते माझे मी खाईन."

सगळे ओशाळून शेकोटीकडे गेले. व्हर्ला दगडावर एकटी राहिली.  रडायचं नाही म्हणून ती नुसती पाण्याकडे बघत बसली.

पाण्यात आता कोणी नव्हतं. सकाळपासून तुडवलेला गाळ हळूहळू खाली बसला, काठाचं पाणी काचेसारखं झालं. वितळत्या बर्फातून गारठलेले किडे ओघळून काठाशी येत होते. आणि तिला मासे दिसले. परांना पांढरी किनार असलेल्या सावल्या, एकामागून एक, काठाला अगदी चिकटून, तिच्या बुटांपासून चार हातांवर संथ फिरत होत्या.

"अगं बाई!" ती स्वतःशीच म्हणाली. इतकी वर्षं ती आणि सगळे पिंगरी माशांच्या डोक्यावर उभे राहून पलीकडच्या रिकाम्या पाण्यात दोऱ्या फेकत होते! मूर्ख, शुद्ध मूर्ख, आणि त्यांची पुढारी ती स्वतः.

डाव्या मनगटाने तिने हलकेच झटका दिला. दोरी चारच हात गेली, आणि जायची होती तीही तेवढीच. माशी पाण्याला टेकली. सावली वळली, वर आली, आणि काठी कमानीसारखी वाकली.

तिची किंकाळी शेकोटीपर्यंत गेली. काठी तिने दोन्ही गुडघ्यांत दाबली, डाव्या हाताने दोरी ओढायची, दातांत धरायची, पुन्हा ओढायची. मासा खोल पाण्याकडे धावला. ओठ कापला, पण तिने दात उघडले नाहीत. ऑरिन हातातली ताटली टाकून धावत आला आणि त्याने दोरीकडे हात नेला. व्हर्लाने दोरी मुठीत पकडली आणि ओरडली, "हात लावलास तर मोडून ठेवीन!"

ऑरिन जागच्या जागी थांबला. दोन्ही हात त्याने वर केले.

दगडावरून ती मागे सरकली, काठावर उरलेल्या बर्फावर बसकण मारली आणि ढुंगणावर घसरत घसरत तिने तो मासा पाण्याबाहेर ओढून काढला. बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत लांब, पोटाला पिकल्या संत्र्याचा रंग. डचमन तळ्यातून एवढा ब्रूक ट्राउट पिंगऱ्यांनी कधी काढला नव्हता. तो निसटायच्या आत तिने त्याला छातीशी धरलं.

 ऑरिन कमरेवर हात ठेवून माशाकडे बघत राहिला, मग तिच्याकडे, मग परत माशाकडे.

"एवढुसा मासा," तो म्हणाला, "आणि काय ती बोंबाबोंब! आमच्या कुत्र्याने याहून मोठा खाल्ला!"

ट्रेवाने दचकून तोंडावर हात धरला. व्हर्ला मात्र हसत सुटली. हसता हसता बर्फात उताणी पडली.

"मग जा, माग त्याच्याकडे!" ती ओरडली. "पाया पड त्याच्या! कळवळलं तर देईल शेपूट!"

आता सगळेच हसायला लागले, ऑरिन सगळ्यांत मोठ्याने. व्हर्लाच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, पण तिने त्या पुसल्या नाहीत. हात रिकामा नव्हता. त्यात मासा होता.