कमलबाईंचं न पळणं

माणसानं दोनच वेळा पळावं, असं कमलबाई चौधरींचं ठाम मत होतं. बैल उधळला तर, आणि गच्चीवर कुरडया वाळत असताना पावसाचा थेंब पडला तर. बाकीची सगळी कामं चालत जाऊन होतात आणि बरीचशी बसूनही होतात.

जुन्या जळगावातल्या त्यांच्या गल्लीत त्यांना सगळे मोठ्या वहिनी म्हणत. त्या ठेंगण्या, गोल, हसऱ्या. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून त्या खालच्या कोणाची तरी चौकशी करत, त्यामुळे त्यांना दम लागलाय की जिव्हाळा दाटून आलाय, हे पाहणाऱ्याला कधी कळत नसे. नवरा रुपचंद पत्र्याच्या पेट्या बनवी. तो दिवसभर हातोडा चालवून घरी येई आणि अबोल जेवे, म्हणून दोघांच्या वाट्याचं बोलणं कमलबाईंनाच पुरं करावं लागे.

हे सगळं सुरळीत चाललं असतं, पण अठ्ठ्याऐंशी सालच्या श्रावणात कानबाई आली.

खान्देशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी वाजतगाजत पाण्याला जाते. चौधरींच्या घरची रीत अशी, की देवीचा पाट घरातल्या मोठ्या सुनेनं डोक्यावर घ्यायचा आणि दारापासून मेहरूणच्या तलावापर्यंत नाचत न्यायचा. चालत नाही, नाचत. पुढे डफ, भोवती फुगड्या आणि मधोमध देवी. मधे पाट दुसऱ्या डोक्यावर द्यायचा नाही. कमलबाई लग्न झाल्यापासून हे करत आल्या होत्या. त्या वर्षी मात्र पिठाच्या गिरणीच्या वळणावर त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. छातीचा भाता झाला. पाट कलला, आणि शेजारून नाचणाऱ्या धाकट्या जावेनं, सुनंदाबाईंनी, तो अलगद आपल्या डोक्यावर घेतला आणि पाण्यापर्यंत नेला.

कोणी काही बोललं नाही. बोललं असतं तर कमलबाईंनी परतफेड तरी केली असती. बोलल्या त्या फक्त सासूबाई, झुंबरबाई. त्या मूळच्या सोनगीरच्या. साठ वर्षं जळगावात काढूनही त्यांनी आपली बोली सोडली नव्हती आणि ती बोलताना कोणाची भीडही ठेवली नव्हती.

"देवी जड नही शे," त्या म्हणाल्या, "तू जड व्हई गई." आणि थोडं थांबून, "पुढला सालले असंच व्हयनं, ते मान धाकलीकडे. मंग परत येवाव नही."

कमलबाईंना रात्रभर झोप लागली नाही. त्यांना मुलगी नव्हती, दागिन्यांची हौस नव्हती. वर्षातून एक दिवस देवी डोक्यावर असताना गल्लीतल्या बाया वाकून त्यांच्या पायावर पाणी घालत, तेवढाच त्यांचा थाट. तोही धुळ्याला जाणार असेल तर मग आपण या घरात स्वयंपाकापुरत्याच उरलो, असं त्यांना वाटलं.

धुळ्याला, म्हणजे धाकटा दीर तोताराम याच्या घरी. तोताराम धुळ्याच्या एका हायस्कुलात पी. टी. शिकवी. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट, आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर एकच औषध: पळा. पोट दुखतंय, पळा. झोप येत नाही, पळा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो सहकुटुंब जळगावला आला, तेव्हा वहिनींसाठी कॅनव्हासचे बूट घेऊनच आला. वहिनींचा मान जाऊन आपल्या बायकोला मिळावा, असं त्याच्या मनात नव्हतं. तो मनानं सरळ होता. फक्त त्याला दुसऱ्याच्या पायांविषयी फार कळकळ होती.

पहिल्याच सकाळी, उजाडता उजाडता, कमलबाईंनी नऊवारीचा ओचा खोचला, बूट चढवले आणि गल्लीतून पळायला सुरुवात केली. मागून तोतारामची शिट्टी. गल्लीतली कुत्री प्रथम चकित झाली आणि मग सामील झाली. कोपऱ्यावर लोटन दूधवाला सायकलवरून येत होता. चौधरींची मोठी सून, केस विस्कटलेले, तोंडातून शब्द फुटत नाही, आणि मागे दीर धावतोय, हे पाहून तो सायकलवरून उतरलाच.

"मोठ्या वहिनी, काय व्हयनं? कोनले बरं नही शे?"

कमलबाईंना उत्तर द्यायला श्वास नव्हता. त्यांनी नुसता हात हलवला. शहाण्या बाईमाणसानं भल्या सकाळी पळावं असं एकच कारण लोटनला ठाऊक होतं, आणि हात हलवण्याचा अर्थही त्याला एकच ठाऊक होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि सायकल चौधरींच्या घराकडे वळवली. वाटेत घरोघरी दूध घालता घालता तो बातमीही घालत गेला.

अर्ध्या तासानं कमलबाई घामाघूम होऊन परतल्या, तर दारात गल्ली जमलेली. पुरुष एका बाजूला खाली मान घालून उभे, बाया पदर तोंडाला लावून बसलेल्या. रुपचंद नुकताच न्हाणीतून बाहेर आलेला, कमरेला पंचा, आणि दोघे जण त्याच्या पाठीवरून हात फिरवताहेत. तो मुळात अबोल, त्यामुळे कोण गेलं हे त्यानं विचारलं नव्हतं. घरच्या कोणाचं तरी नाव निघेल या भीतीनं तो गप्प बसला होता. झुंबरबाई आत माजघरात जपमाळ ओढत होत्या. बाहेरचा हुंदका ऐकून त्या काठी टेकत दारात आल्या, तेव्हा दोन बाया किंचाळल्या, कारण सगळ्यांनी आपापल्या मनाशी त्यांनाच गेलेलं धरलं होतं.

त्या दिवशी चौधरींच्या घरी चहाची तीन पातेली चढली. कमलबाईंनी बूट माळ्यावर फेकले आणि जाहीर केलं, की आता खरोखर कोणी मेलं तरी त्या चालतच जातील.

पण तोताराम मास्तर माणूस. त्यानं माळ्यावरून बूट काढले आणि तोडगाही काढला. गल्लीत नको, मेहरूणच्या तलावाकडे पळायचं, तिथे ओळखीचं कोणी नाही. तो स्वतः चहाच्या टपरीजवळ बाकड्यावर बसे, शिट्टी वाजवी, आणि वहिनी पाळीवरून, त्या मातीच्या बांधावरून, पळत झाडांमागे दिसेनाशा झाल्या की दुसरा चहा मागवी. त्या काठाकाठानं फेरी मारून येणार, असं त्याचं गणित होतं. पळण्याचं शास्त्र शिकवणारा माणूस स्वतः किती पळतो, हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

झाडांमागे जाताच कमलबाई चालू लागत. आणि तिथेच, तलावाच्या पलीकडच्या उथळ काठावर, त्यांना हमीदा भेटली.

हमीदा त्यांच्याच मागल्या गल्लीतली. तिचा नवरा सरदार पिंजारी. लोकांच्या गाद्यांचा कापूस तो पिंजून द्यायचा आणि गाद्यांच्या खोळी हमीदा तलावावर आणून धुवायची. जाड, मळकट, ओल्या झाल्या की बैलाएवढ्या जड होणाऱ्या खोळी. त्या हातानं धुतल्या जात नाहीत. खडकावर अंथरायच्या आणि पायांनी तुडवायच्या. हमीदा एकटीच तुडवत होती आणि दर चार पावलांना घसरत होती.

"भाभी, जरा हाथ पकडो ना," ती म्हणाली. "एकटीनं तोल राहत नाही."

कमलबाईंनी बूट काढले. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, हाताला हात धरले आणि तुडवू लागल्या. साबणाचा फेस घोट्यापर्यंत आला. पाऊल घसरायचं, म्हणून ते घट्ट रोवावं लागायचं. घट्ट रोवलं, की उचलायला जोर लागायचा. जोर लागला की दोघींना हसू यायचं. थोड्या वेळानं पावलांना आपोआप ताल आला. हात ताणले गेले, अंगं मागे झुकली, आणि खोळीवर दोघी गोल फिरू लागल्या.

हमीदा म्हणाली, "ये तो फुगडी हो गई."

धाप कमलबाईंना इथेही लागली. पण पळताना लागणारी धाप एकटी असते; ही दोघींत वाटली गेली. घरी जाताना त्यांच्या पोटऱ्या ठणकत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी वाजायच्या आत त्या तयार होऊन दारात उभ्या होत्या. तोतारामला आपल्या शिकवण्याचा अभिमान वाटला.

मग खोळी धुणं रोजचंच झालं. खोळ नसेल त्या दिवशी हमीदाची शेजारीण सतरंजी आणी, कोणी गोधडी आणी. कमलबाईंनी तर घरातली धुतलेली पांघरुणंही पुन्हा धुवायला काढली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या माहेरी फैजपूरला गेल्या. आखाजीला माहेरवाशिणींना कामाला हात लावू देत नाहीत, नुसता निंबाला बांधलेला झोका. दर वर्षी त्या झोक्यावर बसून राहायच्या आणि कोणीतरी ढकलायचं. या वर्षी त्या उभ्या राहिल्या, गुडघे दाबून झोका स्वतः चढवला आणि वर आभाळाला पाय लावून गाणं म्हटलं. दम संपला की गाणं तुटायचं. गाणं तुटू द्यायचं नाही, एवढ्याच हट्टानं त्या झोका घेत राहिल्या. माहेरच्या पोरींना वाटलं, आत्याला वारं लागलंय.

अडचण आली ती सुट्टीच्या अखेरीस. एका सकाळी वहिनींना यायला फार उशीर झाला, म्हणून तोतारामनं सुनंदाबाईंना पाळीवरून बघायला पाठवलं. त्या झाडांमागे आल्या आणि त्यांनी पाहिलं, की थोरली जाऊ ओचा गुडघ्यापर्यंत खोचून पिंजाऱ्याच्या बायकोबरोबर गादीच्या खोळीवर नाचते आहे.

कमलबाईंचे पाय थांबले. जिच्याकडे मान जायचा, तिलाच सगळं कळलं होतं. आता ही तोतारामला सांगेल, तोताराम झुंबरबाईंना सांगेल, की वहिनी पळतच नाहीत, त्यांच्यानं होणार नाही.

सुनंदाबाई उंच, सडपातळ, कमी बोलणाऱ्या. त्यांनी एकदा टपरीच्या दिशेला पाहिलं, चपला काढल्या आणि पाण्यात उतरल्या.

"अक्का, मला लग्न झाल्यापासून रोज पळवतात," त्या म्हणाल्या. "शाळेच्या मैदानावर. पोरं बघतात. मला घ्या तुमच्यात."

कमलबाईंनी हात पुढे केला. पण मनातली अढी गेली नाही. सुनंदाबाईंची फुगडी बघण्यासारखी होती. भोवऱ्यासारखी बाई फिरायची. आपण हिला आपल्यात घेतोय की आपल्या जागेवर, हे कमलबाईंना समजेना. धुळ्याच्या गाडीत बसताना सुनंदाबाईंनी नवऱ्यादेखत त्यांना नमस्कार केला आणि नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "वहिनी छान पळतात हो आता."

श्रावण आला, धुळ्याची मंडळीही आली. पाटावर कानबाई बसली, नथ घालून, हिरव्या लुगड्यात. रात्रभर गाणी झाली. सोमवारी सकाळी डफ वाजू लागला आणि झुंबरबाईंनी पाट कमलबाईंच्या डोक्यावर ठेवला. ठेवताना त्यांनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पायांकडे पाहिलं.

गल्ली सरली. गिरणीचं वळण आलं आणि गेलं. कमलबाईंना ते गेल्यावरच कळलं. पाऊल रोवायचं, उचलायचं. अंग आपसूक डुलत होतं. तोताराम बाजूनं चालत "श्वास नाकानं, वहिनी, नाकानं" असं सांगत होता आणि वहिनी तोंडानं गात होत्या.

तलाव दिसू लागला तिथे मात्र गाडं अडलं. पुढे आणखी दोन घरांच्या कानबाया उतारावर थांबल्या होत्या आणि पाण्यापाशी दाटी झाली होती. पुढे सरकता येईना. आणि देवी डोक्यावर असताना नुसतं उभं राहायचं नाही, डफ थांबेपर्यंत पावलं चालली पाहिजेत. एकाच जागी नाचणं सुरू झालं. ऊन वर आलं. कमलबाईंच्या मांड्या थरथरू लागल्या, गाणं ओठावरच तुटलं, पाण्याची चकाकी डोळ्यांत घुसली. पाट किंचित कलला.

गर्दीतून सुनंदाबाई पुढे आल्या. बायांनी त्यांना वाट करून दिली, कारण त्या कशाला येताहेत हे गेल्या वर्षीपासून सगळ्यांना माहीत होतं. झुंबरबाईंनी काठी उचलून डफवाल्याला थांबण्याची खूण करायला घेतली. कमलबाईंनीही पाटावरचे हात सैल सोडले. घे बाई, त्यांनी मनात म्हटलं, एकदाची घे.

सुनंदाबाईंनी पाटाला हात लावला नाही. त्या समोर उभ्या राहिल्या, अगदी हातभर अंतरावर, आणि नाचू लागल्या. फुगडीचं भिरभिरं पाऊल नव्हे. जड, रोवलेलं, उचललेलं.

"अक्का, पाणी बघू नका," त्या हळूच म्हणाल्या. "माझे पाय बघा."

कमलबाईंनी नजर खाली नेली. जावेचं डावं, आपलं उजवं. जावेचं उजवं, आपलं डावं. कोणाचा दम कोणाला पुरला हे त्या पुढे कधीच सांगू शकल्या नाहीत. पुढची दाटी फुटली, उतार मोकळा झाला, आणि तशाच समोरासमोर, एक पुढे तोंड करून आणि एक उलट पावलांनी नाचत, दोघी पाण्यात उतरल्या. पाट कमलबाईंच्याच डोक्यावरून खाली आला.

काठावर तोताराम भोवतालच्यांना सांगत होता, की हा सगळा पळण्याचा परिणाम. रोज पहाटे पळवलं मी, पावसाळा लागेपर्यंत. कमलबाईंनी ते ऐकलं आणि श्रेय त्याच्याकडेच राहू दिलं. त्याच्या शिट्टीनं निदान त्यांना घराबाहेर काढलं होतं.

देवी पाण्यात गेली की पाटावर तळ्यातली ओली वाळू घेतात आणि तो पाट घरी परत आणतात. तो कोणाच्या डोक्यावर आणायचा याची रीत कोणी घालून दिलेली नव्हती. आजवर मोठी सूनच आणत आली होती, इतकंच. कमलबाईंनी पाटावर वाळू भरली, पदरानं त्याची कड पुसली आणि तो सुनंदाबाईंच्या डोक्यावर ठेवला.

बायांनी झुंबरबाईंकडे पाहिलं. म्हातारीनं काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला.

"ठेव," ती म्हणाली. "दोन्हीबी मन्याच सुना शेतस."

परतीच्या वाटेवर त्या सगळ्या अगदी सावकाश चालल्या. हमीदा वाटेत भेटली, तिच्याशी बोलत थांबल्या, रसवंतीपाशी थांबल्या, थांबायचं कारण नव्हतं तिथेही थांबल्या. तोताराम मात्र शिस्तीचा. त्यानं बूट आवळले आणि रोटाची, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याची, गरम पुरणपोळी आठवत, नाकानं श्वास घेत, पळतच घर गाठलं. घराला कुलूप होतं. किल्ली कमलबाईंच्या कमरेला होती, आणि कमलबाई अजून तलावाच्या पाळीवरच होत्या.